इंग्रजीतली चाचणी आणि गणिताची तुकडी : खानापूर तालुक्यातल्या एका पीयू कॉलेजचं प्रकरण

हे प्रकरण फर्स्ट पीयू (कर्नाटकातली अकरावी) विज्ञानच्या एका वर्गाचं आहे. कॉलेजचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. चाचणीची रचना, घेतलेले निर्णय आणि चुका जशा घडल्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी माध्यम दहावीपर्यंत चालतं. फर्स्ट पीयूपासून विज्ञान शाखा इंग्रजीत शिकवली जाते. मराठी उरते ती भाषा विषय म्हणून, तीही जिथं मराठीचे प्राध्यापक आहेत तिथंच. सेकंड पीयूचे (बारावीचे) विज्ञानाचे पेपर आणि केसीईटी (इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांसाठीची कर्नाटकची प्रवेश परीक्षा) इंग्रजी व कन्नडमध्ये निघतात. त्यामुळे दहावीपर्यंत ‘वर्गसमीकरण’ आणि ‘त्वरण’ शिकलेल्या मुलाला दोन वर्षांत इंग्रजी प्रश्नपत्रिका वाचून सोडवण्याइतकं तयार व्हावंच लागतं. केसीईटीत एका विषयाचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात. वाक्य दोनदा वाचायला तिथं सवड नसते.

या कॉलेजात विज्ञानाचा एकच वर्ग, साठेक मुलांचा. त्यातली तिसरा हिस्सा मुलं जांबोटी, नंदगड, लोंढा या बाजूच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांतून आलेली, काही बिडीकडची कन्नड माध्यमाची, बाकी खानापूर आणि बेळगावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली. प्रवेश दहावीच्या गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमांनुसार झालेले होते. चाचणी प्रवेशानंतर, जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. तिचा हेतू एवढाच की कुणाला लगेच केसीईटीच्या तयारीच्या तासाला बसवायचं आणि कुणाचा आधी पाया पक्का करायचा, हे ठरावं.

चाचणी साधी होती. चाळीस वस्तुनिष्ठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, एक तास. गणिताचे वीस, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे दहा-दहा. सगळे प्रश्न इंग्रजीत. वीस किंवा जास्त गुण मिळाले की ए तुकडी, त्याखाली बी. ए तुकडीला सकाळी साडेआठला केसीईटीचा जादा तास, बी तुकडीला दुपारी साडेतीननंतर ‘फाउंडेशन’.

अडचण कशी लक्षात आली

मराठी माध्यमाची जवळजवळ सगळी मुलं बी तुकडीत गेली. स्टाफरूममध्ये याचं कुणाला नवल वाटलं नाही. निकाल अपेक्षेसारखा लागला की तो तपासावासा वाटत नाही. या चाचणीचंही तेच झालं.

पहिली कुरबूर पालकांकडून आली. “सर, पोरीला ढ तुकडीत टाकलासा म्हणे. दहावीला तर ब्याऐंशी टक्के हाईत की,” असं विचारत एक वडील प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये आले. उत्तर ठरलेलं होतं : दहावीचे गुण वेगळे, कॉलेजची तयारी वेगळी. पण जुलैच्या पहिल्या घटक चाचणीत गणिताच्या प्राध्यापकांना दोन गोष्टी खटकल्या. बी तुकडीतल्या काही मुलांनी संच आणि फलनांची चिन्हांत दिलेली उदाहरणं व्यवस्थित सोडवली होती. आणि ए तुकडीतल्या काहींना दोन बैजिक अपूर्णांकांची बेरीजसुद्धा जमत नव्हती.

जूनच्या उत्तरपत्रिकांवर फक्त पर्यायांना गोल केलेले होते. त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. सुदैवानं कच्च्या कामाचे कागद उत्तरपत्रिकेला टाचून ठेवलेले होते, आणि खरी माहिती तिथंच निघाली. पेपरात एक प्रश्न असा होता : लागोपाठच्या दोन धन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज ३६५ आहे, तर ते पूर्णांक कोणते? मूळ प्रश्न अर्थात इंग्रजीत. ब्याऐंशी टक्केवाल्या त्या मुलीच्या कागदावर या प्रश्नापुढं ३६५ भागिले २ एवढंच लिहून त्यावर काट मारलेली होती. त्याच कागदावर चार ओळी खाली क्ष² + क्ष − १८२ = ० या नुसत्या समीकरणाचे (क्ष + १४)(क्ष − १३) असे अवयव पाडून १३ हे उत्तर काढलेलं होतं. ३६५ चं उदाहरण मांडलं की हेच समीकरण मिळतं. म्हणजे ते तिला सोडवता येत होतं, फक्त इंग्रजी वाक्यातून तिथपर्यंत पोचता आलं नव्हतं.

मग ए तुकडीचे कागद काढले. त्याच प्रश्नापुढं बऱ्याच ठिकाणी १२ चा वर्ग, १३ चा वर्ग, १४ चा वर्ग अशी यादी दिसली. मुलांनी चारही पर्याय आळीपाळीनं घालून पाहिले होते. उत्तर बरोबर आणि बीजगणिताचा पत्ता नाही. परीक्षेत हे चालतं, किंबहुना केसीईटीत उपयोगीही पडतं. पण पाया तपासायच्या चाचणीत अशा युक्तीला वाव ठेवला की चाचणीचं कामच होत नाही. शिवाय चार पर्यायांच्या चाळीस प्रश्नांत डोळे मिटून गोल केले तरी सरासरी दहा गुण पडतात. वीसची रेघ त्या दहापासून किती जवळ आहे, हे ती ओढताना कुणी पाहिलं नव्हतं.

थोडक्यात चाचणी दोन्ही बाजूंनी चुकत होती. ज्यांचं गणित बरं त्यांना भाषेमुळं खाली ढकललं, आणि ज्यांची भाषा बरी त्यांचं कच्चं गणित पर्यायांच्या आड लपलं. चर्चा पहिल्या चुकीचीच जास्त झाली, कारण तिथं पालक तक्रार करतात. आपलं मूल वरच्या तुकडीत का बसवलं, असं विचारायला कुणी येत नाही.

समोरचे पर्याय

एक मत असं पडलं की चाचणीच बंद करावी आणि सगळ्यांना एकत्र शिकवावं. तुकडीचा शिक्का टळला असता. पण साठ मुलांच्या वर्गात कुणाला भाषेची अडचण आहे आणि कुणाला बीजगणिताची, हे शिक्षकाला दिवाळीपर्यंत कळत नाही. तोवर निम्मं वर्ष गेलेलं असतं.

दुसरं मत दहावीचे गुण धरण्याचं. याला बाहेर आधार आहे. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत अनेक वर्षं प्रवेशोत्तर चाचणीवर मुलांना पायाभूत वर्गांत बसवत. त्यातली पुष्कळ मुलं तिथंच अडकून पडतात हे दिसल्यावर कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा केला आणि शाळेतली कामगिरी हा मुख्य आधार मानायला लावला. कॉम्पास ही तिकडची नावाजलेली चाचणी २०१६ मध्ये बंदच झाली. त्यामागचा विचार इथंही लागू आहे : एका तासाच्या चाचणीपेक्षा शाळेतली वर्षं जास्त सांगतात. अडचण अशी की आपल्या दहावीच्या ६२५ गुणांत पहिली भाषा एकटी १२५ ची, आणि गणितात ८० लेखी, २० अंतर्गत. एकूण टक्क्यांवरून गणिताची पातळी नीट कळत नाही. नुसते गणिताचे गुण घेतले तरी मूल इंग्रजी प्रश्न वाचू शकतं का, हा प्रश्न उरतोच. म्हणून दहावीचे गणिताचे गुण सोबत ठेवायचे, पण त्यावर एकट्यावर निर्णय घ्यायचा नाही, असं ठरलं.

तिसरा पर्याय होता चाचणी मराठीत आणि कन्नडमध्ये घेण्याचा. मराठीच्या प्राध्यापकांचा कल याकडं होता आणि त्यांचा मुद्दा न्याय्य होता : जे शिकवलं त्याच भाषेत तपासा. पण मूल मराठीत पास झालं तरी दुसऱ्या दिवशी वर्गात इंग्रजीच ऐकणार. कॉलेजला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कळायला हव्या होत्या.

त्यातून चौथा पर्याय पुढं आला : चाचणीचे दोन कागद करायचे. एकात तोच विषय इंग्रजी वाक्यांत, दुसऱ्यात फक्त चिन्हांत. दोन्हींतली तफावत हीच माहिती.

काय केलं

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फेरचाचणी झाली. प्रत्येक कागदावर वीस प्रश्न, पर्याय नाहीत, उत्तराशेजारी कच्च्या कामाची चौकट. वाक्यांच्या कागदाला ४५ मिनिटं, मध्ये २० मिनिटांची सुट्टी, मग चिन्हांच्या कागदाला ३५ मिनिटं. क्रम मुद्दाम असा ठेवला. चिन्हांचा कागद आधी दिला तर समीकरणाचा सांगाडा आयता हाती येतो आणि वाक्याचा कागद सोपा होऊन बसतो. आकडेही बदलले : वाक्यात ३६५, तर चिन्हांत क्ष² + (क्ष + १)² = २६५. भौतिकशास्त्राच्या जोडीत एका कागदावर ‘स्टार्टिंग फ्रॉम रेस्ट’ अशी सुरुवात असलेलं गाडीचं उदाहरण, दुसऱ्यावर नुसतं : सुरुवातीचा वेग ०, शेवटचा २०, वेळ ५, तर त्वरण आणि अंतर काढा.

जोड्या लावताना सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. पहिल्या मसुद्यात वाक्याच्या कागदावर पूर्ण वर्गमूळ येणारे आकडे होते आणि चिन्हांच्या कागदावर करणी येत होती. असं झालं की तफावत भाषेची की आकडेमोडीची, हे सांगता येत नाही. प्रत्येक जोडी दुसऱ्या प्राध्यापकाकडून सोडवून घेतली आणि दोन्हीकडं पायऱ्यांची संख्या सारखी आहे का ते पाहिलं. चार जोड्या फेकून द्याव्या लागल्या.

पर्यवेक्षकांना एकच नियम दिला : प्रश्न वाचून दाखवायचा नाही, अर्थ सांगायचा नाही. ऐकायला सोपा वाटतो, पण मोडतो तोच. मूल केविलवाणं तोंड करून बसलं की सर हळूच कानात मराठी सांगतात. एका बाकाच्या रांगेत असं झालंच. त्या पाच मुलांना पुढच्या आठवड्यात आकडे बदललेला संच पुन्हा द्यावा लागला.

रेघ १२ गुणांवर ठेवली, पण १० ते १३ या पट्ट्यातल्या प्रत्येकाचा कागद दोघांनी मिळून पाहिला. वीस प्रश्नांच्या चाचणीत दोन गुण नुसत्या योगायोगानंही इकडचे तिकडे होतात. ११ आणि १२ मध्ये खरा फरक आहे असं समजणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. या पट्ट्यात दहावीचे गणिताचे गुण उपयोगी पडले.

मुलांचे गट असे पडले. दोन्ही कागद चांगले असलेल्यांना काही करायची गरज नव्हती. चिन्हांत चांगली आणि वाक्यांत अडणारी मुलं भाषेच्या गटात. दोन्हींत अडणारी बीजगणिताच्या गटात. यात इंग्रजी माध्यमाची, जूनमध्ये ए तुकडीत बसलेली काही मुलंही आली. चौथा कोपरा, वाक्यांत चांगली पण चिन्हांत कच्ची, जवळजवळ रिकामा राहिला. पर्याय काढून टाकले की तो रिकामाच राहायला हवा. तिथं नाव आलंच तर आधी तपासणीतली चूक शोधावी.

दोन्हींत अडलेल्या मराठी आणि कन्नड माध्यमाच्या मुलांची पाच-पाच मिनिटं तोंडी तपासणीही केली. प्राध्यापक तेच उदाहरण मुलाच्या भाषेत सांगत आणि फक्त समीकरण मांडायला लावत, सोडवायला नाही. काहींना मराठीत सांगूनही मांडता आलं नाही. त्यांची अडचण इंग्रजीची नव्हतीच, आणि केवळ मराठी माध्यमाची म्हणून त्यांना भाषेच्या गटात बसवलं असतं तर पुन्हा पहिलीच चूक झाली असती.

सगळ्यात मोठा वाद भाषेच्या गटाला केसीईटीच्या तासाला बसवायचं का, यावर झाला. ‘आधी भाषा, मग केसीईटी’ हे ऐकायला बरं वाटतं. पण मागं ठेवलेलं मूल भाषा सुधारल्यावरही मागंच राहतं, कारण तोवर तास चार धडे पुढं गेलेला असतो. शेवटी दोन्ही एकदम सुरू केलं.

वेळापत्रकाचा प्रश्न गणितापेक्षा अवघड निघाला. सकाळी साडेआठला जांबोटीकडच्या मुलांना पोचता येत नव्हतं, आणि साडेतीननंतर थांबलं तर परतीची सोयीची बस चुकायची. २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळं पैशाची अडचण नव्हती. अडचण होती ती गाडीच्या वेळेची. दोन्ही पूरक गट मग साडेनऊ ते सव्वादहा या वेळेत घेतले आणि केसीईटीचा तास शनिवारी दुपारी नेला.

भाषेच्या गटाचा कार्यक्रम १५ दिवसांचा आखला. रोज चार उदाहरणं, आणि प्रत्येकाच्या त्याच पायऱ्या : दिलेल्या गोष्टींखाली रेघ, प्रत्येक गोष्टीला चिन्ह, विचारलेलं काय ते चिन्हात, आणि मगच आकडेमोड. सुरुवातीला भर पारिभाषिक शब्दांच्या यादीवर होता. आठवड्यात कळलं की ‘अ‍ॅक्सिलरेशन’ आणि ‘हायपोटेन्यूज’ मुलं दोन दिवसांत उचलतात. अडतात ती जोडशब्दांवर : अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट, रिस्पेक्टिव्हली, कन्सेक्युटिव्ह, एक्सीड्स बाय, निग्लेक्टिंग. यादी बदलून या शब्दांची केली. समजावणं मराठीत चालेल, पण प्रश्न इंग्रजीतच वाचायचा आणि उत्तर इंग्रजीतच लिहायचं, असा नियम केला. तो नसता तर शिकवणाराही नकळत पूर्ण मराठीवर आला असता. मुलं खूश होतात, आणि पेपर समोर आला की पुन्हा तिथंच.

बीजगणिताच्या गटात कंसाबाहेरचं ऋण चिन्ह, अपूर्णांक, घातांक आणि अवयव एवढंच घेतलं. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. नियम सांगून ते जात नाही; अ = ३, ब = ४ घालून ४९ आणि २५ शेजारी शेजारी लिहून दाखवलं की जातं.

निष्पत्ती

ऑगस्टमध्ये पावसाच्या सुट्ट्या पडल्या, मग गणपती आला. पंधरा दिवसांचा कार्यक्रम दसऱ्याच्या तोंडावर संपला. सहामाहीत कॉलेजनं गुणांबरोबर आणखी एक गोष्ट मोजली, कोरे सोडलेले प्रश्न. भाषेच्या गटानं भौतिकशास्त्राची उदाहरणं कोरी सोडणं बरंच कमी केलं. चुका होत्या, पण प्रयत्न करून झालेल्या, आणि अशा चुका शिक्षकाला दुरुस्त करता येतात. या गटातली बहुतेक मुलं दसऱ्यानंतर वेगळ्या तासाशिवाय चालू लागली. रसायनशास्त्राच्या लांब उत्तरांत मात्र काही फरक पडला नाही. कार्यक्रम वाचायला शिकवत होता, लिहायला नाही.

बीजगणिताच्या गटाचा निकाल संमिश्र लागला. ए तुकडीतून खाली आल्याची भावना काही घरांत राहिली आणि दोन मुलं त्या तासाला शेवटपर्यंत आलीच नाहीत.

एक नुकसान भरून निघालं नाही. बी तुकडी लागल्यावर दोन मुलांनी जुलैतच विज्ञान सोडून कॉमर्स घेतलं होतं. नंतर त्यांचे जूनचे कच्चे कागद काढून पाहिले. एकाचं बीजगणित स्वच्छ होतं. तो भाषेच्या गटात बसला असता.

काय वेगळं करता आलं असतं

दोन कागदांची चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी होती. जुलैअखेरपर्यंत वाट पाहिल्यानं कार्यक्रम नेमका पावसात सापडला. जूनमध्ये सुरू केला तर खानापुरात जोराच्या पावसाच्या सुट्ट्या लागायच्या आत निम्माअधिक होऊन जातो.

तुकड्यांना ए आणि बी ही नावं देणंच टाळायला हवं होतं. पुढच्या वर्षी गटांना तासाच्या वेळेवरून आणि खोलीवरून ओळखायचं ठरलं. शाखा बदलायचा अर्ज आला तर प्रिन्सिपलांनी सही करण्याआधी मुलाचे दोन्ही कागद पाहायचे, हा नियमही तेव्हाच झाला.

लांब उत्तरं लिहिण्याची तयारी रसायन आणि जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपापल्या तासात करून घ्यावी, असं सुचवलं गेलं. ते अजून कागदावरच आहे. वेगळा तास नसला की असं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही.

दहावीच्या दुसऱ्या परीक्षेतून पास होऊन येणाऱ्या मुलांचा विचार पहिल्या वर्षी कुणीच केला नव्हता. ती चाचणीनंतर येतात आणि थेट वर्गात बसतात. आता आकडे बदललेले दोन जादा संच सीलबंद करून प्रिन्सिपलांच्या कपाटात ठेवलेले असतात. उशिरा आलेल्या मुलाची चाचणी प्रवेशाच्याच आठवड्यात, शनिवारी, केसीईटीच्या तासाआधी घेतली जाते, आणि गणिताचे प्राध्यापक सोमवारी साडेनऊच्या आत त्याची खोली ठरवतात.